मतमोजणीच्या टेबलावर बसताय? आकडा कसा धरून ठेवायचा आणि फेरमोजणी कशी मागायची

दर इलेक्शननंतर दोन-तीन दिवसांनी मला कुणाचा तरी फोन येतोच, की आपला माणूस थोडक्यात पडला हो, फेरमोजणी मागता येईल का. मी एकच विचारतो, निकालपत्रावर सही झाली का? समोरून उत्तर येतं, सही काय, त्यांची मिरवणूक पण निघाली, गुलाल पण उडाला. मग मी म्हणतो आता वकील बघा. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी स्वतः तीन-चार वेळा काउंटिंग एजंट, म्हणजे मोजणीवर लक्ष ठेवणारा उमेदवाराचा माणूस, म्हणून बसलोय, दोनदा जिंकणाऱ्याकडून, बाकी पडणाऱ्याकडून, आणि खरं सांगायचं तर काम पडणाऱ्याकडून बसल्यावरच शिकलो. मुख्यतः विधानसभा-लोकसभेबद्दल लिहितोय, ग्रामपंचायतीचं शेवटी थोडं.

आधी एक गैरसमज काढून टाका. फेरमोजणी म्हणजे सगळं परत पहिल्यापासून मोजणार आणि निकाल फिरणार असं लोकांच्या डोक्यात असतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात ते थोडंफार खरं होतं, गठ्ठ्यात चुकून दुसऱ्याची मतपत्रिका जायची, बाद मतांवर भांडणं व्हायची. आता ईव्हीएमचं काय होतं, कंट्रोल युनिटवरचं (मतं साठवणारा मशिनचा भाग) रिझल्टचं बटण परत दाबलं की तोच आकडा परत येणार, शंभर वेळा दाबा. मग फेरमोजणीत निघतं काय? निघतं ते चार ठिकाणी. आकडा मशिनवरून कागदावर उतरवताना झालेली चूक, मशिनमधली एकूण मतं आणि मतदानाच्या दिवशी लिहिलेली एकूण मतं यातला फरक, पोस्टल मतं, आणि बाजूला काढून ठेवलेली मशिनं. या चार जागांवर तुमचं लक्ष असेल तर तुमच्या अर्जात दम आहे, नाहीतर नुसतीच बोंबाबोंब.

काम मतदानाच्या संध्याकाळीच सुरू होतं

मतदान संपलं की प्रिसायडिंग ऑफिसर (मतदान केंद्राचा प्रमुख) कंट्रोल युनिटवरचं क्लोजचं बटण दाबतो आणि फॉर्म १७सी चा भाग एक भरतो. त्यात कंट्रोल युनिटचा नंबर, सीलचे नंबर, रजिस्टरमध्ये किती मतदार नोंदले गेले, मशिनमध्ये एकूण किती मतं पडली हे सगळं असतं. याची सही केलेली कॉपी तिथे हजर असलेल्या पोलिंग एजंटला, म्हणजे बूथवर बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला, द्यायचीच असते, हा नियम आहे, कुणी उपकार करत नाही. पण आपल्याकडे काय होतं, पोरगं सकाळी सहाला मॉक पोलला (मतदानाआधीची मशिनची चाचणी) गेलेलं असतं, दिवसभर वडापाववर काढलेला असतो, सहा वाजले की कधी एकदा घरी जातो असं झालेलं असतं, आणि कॉपी एकतर घेतलीच जात नाही किंवा घेतली तर शर्टाच्या खिशात घामाने भिजते. पोलिंग एजंट नेमतानाच सांगून ठेवा, जेवणाचे पैसे कॉपी हातात दिल्यावर मिळतील. हसू नका, आमच्याकडे हे केल्यापासून जवळपास सगळ्या बूथच्या कॉप्या यायला लागल्या.

त्याच रात्री सगळ्या १७सी बूथ नंबरप्रमाणे लावायच्या, फोटो काढायचे, आणि एका शीटमध्ये बूथ नंबर, मशिन नंबर आणि एकूण मतं टाकायची. हीच शीट तुमचं हत्यार. २०२४ च्या विधानसभेला आठवतंय ना, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ५८.२२ टक्के सांगितले आणि शेवटचा आकडा ६६.०५ टक्के आला, त्यावर किती रान उठलं. आता पाच वाजता रांगेत उभे असलेले लोक, अंदाजे सांगितलेले आकडे, हे सगळं त्यात असतं, त्यावर मी इथे वाद घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की टक्केवारीचा आकडा टीव्हीसाठी असतो आणि १७सी चा आकडा मोजणीसाठी. ज्याच्याकडे आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या बूथच्या १७सी आहेत त्याला टक्केवारीवरून कुणाला काही विचारायची गरजच नाही, बेरीज करायची आणि बघायचं.

एजंट कोण, किती आणि कसे

काउंटिंग एजंटची नेमणूक फॉर्म १८ वर होते. हॉलमध्ये साधारण चौदा टेबलं असतात आणि आरओचं (रिटर्निंग ऑफिसर, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी) एक वेगळं, नियमात एका मोजणीच्या जागी उमेदवाराला जास्तीत जास्त सोळा एजंट. नावं आणि फोटो मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचे असतात, म्हणजे ऐनवेळी भाचा आला म्हणून त्याला आत घुसवता येत नाही. सरकारी नोकरी करणाऱ्याला एजंट करू नका, कायद्यात तो गुन्हा आहे, तुमच्यामुळे बिचाऱ्याची नोकरी अडचणीत. आमदार-खासदार-मंत्री यांनाही एजंट म्हणून बसता येत नाही.

आणि प्लीज, निष्ठावंत कार्यकर्ता वेगळा आणि चांगला एजंट वेगळा. ज्याचा आवाज मोठा त्याला लोक आत पाठवतात. मला विचाराल तर किराणा दुकानात उधारीची वही सांभाळणारा माणूस पाठवा, किंवा पतसंस्थेतली रोज कॅश जुळवणारी ताई पाठवा. आमच्या टीममध्ये एक पिग्मी गोळा करणारी वहिनी होती, तिच्या टेबलावर कधी एका मताचा घोळ झाला नाही.

मोबाईल आत नेता येत नाही. पेन, कोरा कागद किंवा वही, आणि १७सी च्या कॉप्या नेता येतात. पेन दोन न्या. एकदा आत बसलं की आपल्या टेबलाशीच बसायचं, फिरायचं नाही, त्यामुळे पाणी-बाथरूमचं आधीच बघून घ्या.

टेबलावर नेमकं काय बघायचं

सकाळी आठला आधी पोस्टल मतं सुरू होतात, ईव्हीएम अर्ध्या तासाने. एका राउंडला चौदा टेबलांवर चौदा बूथची मशिनं येतात. तुमचं टेबल नऊ नंबर असेल तर पहिल्या राउंडला बूथ ९, मग २३, मग ३७ असं जातं, पण मध्ये कुठे ‘अ’ लावलेलं सहायक बूथ आलं की हा हिशोब एकने सरकतो, म्हणून आरओ ऑफिसकडून राउंडवाइज तक्ता आधीच घ्या आणि त्याच क्रमाने १७सी लावून ठेवा. तारेच्या जाळीमागे बसून ऐनवेळी गठ्ठ्यात बूथ शोधत बसलात तर तेवढ्यात मशिन उघडून आकडा वाचून बंद पण झालेलं असतं.

मशिन टेबलावर आलं की पहिलं काम, कंट्रोल युनिटचा नंबर आणि सील तुमच्या १७सी शी जुळवा. मग एकूण मतं बघा. ती १७सी शी जुळली की मगच रिझल्ट. रिझल्टचं बटण दाबलं की डिस्प्लेवर एकेक उमेदवाराचा आकडा क्रमाने येतो, शेवटी नोटा. टेबलावरचा मोजणी सुपरवायझर तो १७सी च्या भाग दोनमध्ये लिहितो. तुम्हाला आकडा नीट दिसला नाही, कुणी आडवं आलं, तर लगेच म्हणा की सर परत दाखवा. परत दाखवतात. लाजू नका, आणि ‘शेजारच्याने लिहिलाय ना, त्याच्याकडून घेऊ’ असं तर बिलकुल करू नका.

आता एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल मी एवढं का घोकतोय. एका विधानसभेच्या मोजणीला मी बसलो होतो, सहावा की सातवा राउंड होता, दुपार झालेली, पंखे नुसते आवाज करणारे. मशिनवर तीन नंबरच्या उमेदवाराला २१४ आणि चार नंबरला ८७ आले, मी लिहिले. सुपरवायझरबाईंनी लिहिताना ओळ सरकली, तीनसमोर ८७ आणि चारसमोर २१४. खाली बेरीज केली, ती मशिनच्या एकूण मतांशी बरोब्बर जुळली, जुळणारच, कारण आकडे तेच होते फक्त जागा बदलली होती. बाजूचा एजंट सही करायला वाकला पण होता. मी हात वर केला, मायक्रो ऑब्झर्व्हरकडे (आयोगाचा टेबलावरचा निरीक्षक) वेगळी नोंद असते, त्यांनी त्यांचा कागद काढला, मशिन परत दाखवलं, बाईंनी खोडून सही केली, पाच मिनिटांत विषय संपला. बाईंचा काही वाईट हेतू नव्हता, पहाटे चारला उठून आलेल्या होत्या. पण विचार करा, १२७ मतांचा फरक दोन्हीकडून, म्हणजे लीड २५४ ने हलतं, आणि बेरीज मात्र एकदम बरोबर. नुसती बेरीज जुळली म्हणून सही करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, एकेक ओळ जुळवायची.

असंच एक प्रकरण हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाचं थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०२२ ची निवडणूक, वाद एका बूथवर दोन उमेदवारांच्या आकड्यांची अदलाबदल झाल्याचा. शेवटी २०२५ मध्ये कोर्टाने मशिनं दिल्लीला मागवली, कोर्टाच्याच आवारात व्हिडिओ शूटिंग करून मोजणी झाली आणि १,०५१ विरुद्ध १,००० असा निकाल निघून पडलेला माणूस सरपंच झाला. पावणेतीन वर्षं गेली त्यात. पाच वर्षांच्या सरपंचकीतली पावणेतीन वर्षं! टेबलावरच मिटण्यासारखी गोष्ट होती ती.

भाग दोनवर सही मागतात. जुळत असेल तर सही करा. जुळत नसेल तर काय जुळत नाही ते त्याच वेळी सांगा, आणि तुमच्या वहीत राउंड, टेबल, बूथ, वेळ लिहून ठेवा. रागाने नुसती सही नाकारून काही होत नाही, नोंद लागते.

बाजूला ठेवलेली मशिनं

कधीकधी एखाद्या मशिनचा डिस्प्ले येत नाही, किंवा क्लोज दाबायचं राहिलेलं असतं, किंवा सकाळच्या मॉक पोलची पन्नास मतं पुसायचीच राहून गेलेली असतात आणि एकूण आकडा १७सी शी जुळत नाही. अशी मशिनं आरओ बाजूला काढतो आणि बाकीची मोजणी पुढे चालू ठेवतो. इथे बऱ्याच एजंटांचं लक्ष सुटतं. बाजूला ठेवलेल्या प्रत्येक मशिनची यादी करा, त्यात एकूण किती मतं आहेत तेही. डिस्प्लेच येत नसेल तर त्या बूथच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर छापून आत पडणाऱ्या, चिठ्ठ्या मोजतात. आणि मॉक पोलवाली किंवा न जुळणारी मशिनं असतील तर शेवटी बघतात की जिंकणाऱ्याचं लीड त्या मशिनांमधल्या एकूण मतांपेक्षा जास्त आहे का. जास्त असेल तर सोडून देतात, कारण निकालावर फरक पडत नाही. कमी किंवा तेवढंच असेल तर त्यांच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. म्हणजे लीड ४०० असेल आणि बाजूला ७०० मतांचं एक मशिन असेल तर निकाल अजून लागलेलाच नाही, ढोलवाल्याला गप्प बसवा.

याशिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या लॉटरीने काढून मोजतातच, २०१९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने एकाऐवजी पाच केले तेव्हापासून. बँकेच्या कॅशियरसारखी जाळीची केबिन असते, चिठ्ठ्या उमेदवारवार खणांमध्ये लावतात, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करतात. बघायला कंटाळा येतो कारण तोवर निकाल सगळ्यांना कळलेला असतो, पण एक हुशार माणूस तिथे बसवाच. मशिनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा वेगळा आला तर नियमाने चिठ्ठ्यांचा धरतात. आणि या पाचशिवाय एखाद्या ठराविक बूथच्या चिठ्ठ्या मोजा असाही लेखी अर्ज उमेदवाराला करता येतो, नियम ५६डी, कारण द्यावं लागतं, द्यायचं की नाही ते आरओ ठरवतो.

पोस्टल मतं, म्हणजे खरी लढाई

माझा सगळ्यात जास्त जोर इथे आहे, कारण हाताने उघडून, डोळ्याने बघून, बाद-वैध ठरवायचं असं आता एवढंच उरलंय.

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये काय झालं बघा. ईव्हीएममध्ये अमोल कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकरांना ४,५१,०९४. एका मताचं लीड, साडेचार लाखांत एक! मग पोस्टल मिळवली, वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. एकूण वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरवलेली पोस्टल मतं परत तपासली गेली, फेरतपासणीवरून रात्रीपर्यंत ताण चालला, पुढे कीर्तिकर हायकोर्टात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, यातून शिकायचं ते हे की चौदा टेबलांवर चौदा माणसं आणि पोस्टलच्या टेबलावर कुणीतरी एक म्हातारा कार्यकर्ता ‘बसा काका तुम्ही तिकडे सावलीत’ म्हणून, असं चालणार नाही. सगळ्यात तयार माणूस तिथे.

पोस्टल मत कधी बाद होतं ते त्या माणसाला पाठ पाहिजे. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेलं पाकीट उघडतच नाहीत. आत जोडायचं प्रतिज्ञापत्र नसेल, त्यावर सही नसेल, साक्षांकन नसेल, किंवा प्रतिज्ञापत्रावरचा मतपत्रिकेचा नंबर आणि आतल्या पाकिटावरचा नंबर वेगळा असेल तर मत असलेलं पाकीट न उघडताच बाद. उघडल्यावर दोघांना मत दिलेलं असेल, कुणालाच नसेल, किंवा मतदार ओळखू येईल अशी काही खूण असेल तर बाद. पण, आणि हे लक्षात ठेवा, खूण पुसट आहे किंवा एकाच उमेदवारासमोर दोनदा केलीय एवढ्यावरून बाद करता येत नाही, मत कुणाला द्यायचंय ते स्पष्ट कळत असेल तर ते वैध. इथे सभ्यपणे पण ठामपणे बोलायचं. समोरच्याचं मत असलं तरी तोच नियम लावायचा, कारण पुढच्या पाकिटात तुमचं मत तसंच निघू शकतं आणि मग तुमचं तोंड बंद.

लीड हे बाद झालेल्या पोस्टल मतांच्या संख्येपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी बाद मतं परत तपासायचीच असा आयोगाचा आदेश आहे. त्यासाठी तुम्हाला बाद मतांचा आकडा माहीत पाहिजे. तो लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात.

आता अर्ज

सगळे राउंड संपले, पोस्टल मिळवली, की आरओ प्रत्येकाची एकूण मतं जाहीर करतो. ही जी वेळ आहे ना, एकूण जाहीर झाल्यापासून फॉर्म २० वर, म्हणजे निकालपत्रावर, सही होईपर्यंत, एवढीच तुमची खिडकी. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ६३. आरओने जाहीर केल्यावर एक-दोन मिनिटं थांबायचं असतं, कुणी फेरमोजणी मागितली तर अर्ज लिहायला वाजवी वेळ द्यायचा असतो. पण हॉलमध्ये तेव्हा जल्लोष सुरू असतो, आपली माणसं तोंड पाडून बाहेर निघालेली असतात, आणि तेवढ्यात सही होऊन जाते. सहीनंतर आरओकडे काही अधिकार राहत नाही, कितीही रडा.

म्हणून शेवटच्या दोन राउंडपासून उमेदवार किंवा त्याचा इलेक्शन एजंट (निवडणूक प्रतिनिधी) हॉलमध्येच पाहिजे. अर्ज उमेदवार करू शकतो, तो नसेल तर इलेक्शन एजंट किंवा काउंटिंग एजंटपैकी कुणीही. आवाज चढवून ‘सर, आम्ही फेरमोजणी मागतोय, अर्ज देतोय, वेळ द्या’ एवढं आधी बोलून टाका, मग लिहायला बसा. कोरा अर्ज मजकुरासकट आधीच टाइप करून नेलेला बरा, फक्त आकडे भरायचे. साधारण असा:

‘प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी. विषय, नियम ६३ नुसार फेरमोजणीची मागणी. मी अमुक उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी. जाहीर झालेल्या एकूण मतांनुसार फरक ९३ मतांचा आहे. राउंड ११, टेबल ६, बूथ १४६ येथे १७सी भाग एकनुसार एकूण मतं ७१२ आहेत, मोजणीत ७०९ धरली आहेत. राउंड १४, टेबल २, बूथ १८४ येथे आमच्या नोंदीनुसार उमेदवार क्र. ३ यांना २९१ मतं, राउंडच्या तक्त्यात २१९ लिहिली आहेत. बाद ठरवलेली पोस्टल मतं १३० आहेत, म्हणजे फरकापेक्षा जास्त. म्हणून बूथ १४६ व १८४ ची मतं आणि सर्व बाद पोस्टल मतं यांची फेरमोजणी व फेरतपासणी करावी. सोबत १७सी च्या प्रती. आपल्या निर्णयाची कारणांसह लेखी प्रत द्यावी ही विनंती.’ खाली नाव, सही, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका.

बघा, यात कुठेही ‘आमचा मशिनवर विश्वास नाही’, ‘या गावात आम्हाला एवढी कमी मतं पडूच शकत नाहीत’ असलं काही नाही. क्षुल्लक किंवा अवाजवी वाटला तर अर्ज फेटाळायचा अधिकार आरओला आहे, फक्त कारण लेखी द्यावं लागतं. सगळ्या तीनशे बूथची फेरमोजणी मागितलीत की फेटाळायला सोपं जातं, तीन बूथ आकड्यासकट मागितले की अवघड जातं. मशिनची बॅटरी दिवसभर वापरूनही ९९ टक्के दाखवत होती वगैरेवर बाहेर चर्चा रंगते, अर्जात मतांचा आकडा लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी २०२४ च्या विधानसभा निकालानंतर ३ डिसेंबरला गावातच कागदी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. त्या लोकांची अस्वस्थता मी समजू शकतो, हसण्यावारी नेण्यासारखी नाही ती, पण मोजणीच्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या एजंटाला जे मागता येतं ते दहा दिवसांनी अख्ख्या गावाला मागता येत नाही.

फेरमोजणी मंजूर झाली तर आकडे बदलले असतील त्याप्रमाणे फॉर्म २० दुरुस्त होतो, परत जाहीर होतो. नामंजूर झाली तर लेखी आदेशाची कॉपी घेतल्याशिवाय हलू नका, पुढे कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो की तिथे मागितली होती का.

समसमान मतं पडली तर कायद्याने चिठ्ठी काढतात, ज्याची चिठ्ठी त्याला एक मत जास्त धरतात. मुंबई महापालिकेत २०१७ ला वॉर्ड २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघांना ५,९४६ मतं, चिठ्ठीत शहा निघाले. आणि एका मताने पडायचं असेल तर राजस्थानचे सी. पी. जोशी, २००८ ला नाथद्वाऱ्यात ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. आपल्याकडे २०२४ ला मालेगाव मध्य १६२ मतांवर आणि साकोली २०८ मतांवर गेली. हे सांगतोय ते घाबरवायला नाही, ‘एका बूथने काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांसाठी.

उशीर झाला तर

निकालपत्रावर सही झाली असेल तर दोन रस्ते. एक, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत, विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशिनांची मेमरी तपासायचा अर्ज करता येतो, एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हे मिळालं. तेव्हाची फी दर मशिन सेटला ४० हजार अधिक जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये, गडबड सिद्ध झाली तर परत. अहमदनगरमधून सुजय विखे पाटलांनी ४० बूथसाठी असा अर्ज केला होता, गुणाकार तुम्हीच करा. दुसरा, हायकोर्टात निवडणूक याचिका, ४५ दिवसांच्या आत, एक दिवस पण जास्त नाही. मतदार सुद्धा करू शकतो. पण कोर्ट फेरमोजणी सहजासहजी देत नाही, गुप्त मतदानाचा प्रश्न असतो, नुसत्या संशयावर पेट्या उघडत नाहीत, नेमकं कुठे किती चुकलं ते मांडावं लागतं. म्हणजे परत तीच वही आणि त्याच १७सी.

ग्रामपंचायतीचं वेगळं. ती राज्य निवडणूक आयोगाकडे, व्हीव्हीपॅट नसतं, तहसीलला मोजणी आणि एकेक वॉर्ड चहा प्यायला जाऊन येईपर्यंत संपतो. माझा चुलतभाऊ चार मतांनी पडला तेव्हा आम्ही खरंच गेटबाहेर टपरीवर होतो, आत एकटा भाऊ, त्याला लेखी मागायचं असतं हेच माहीत नाही, तोंडी म्हणाला ‘साहेब परत एकदा बघा की’, साहेब म्हणाले बघितलं, झालं. आम्ही कटिंग टाकून आत येईस्तोवर पुढच्या गावचं मशिन टेबलावर. तिथे निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करायला फक्त पंधरा दिवस असतात, आणि आमचे पहिले दहा कुणाच्या बूथवर कुणी दगा दिला हे शोधण्यात गेले.

निघताना फॉर्म २० ची कॉपी घ्या, त्यात बूथवाइज आकडे असतात, घरी जाऊन आपल्या शीटशी एकदा जुळवा, जिंकला असाल तरी. आणि १७सी ची फाइल लगेच रद्दीत टाकू नका, पंचेचाळीस दिवस तरी कपाटात राहू द्या, आमच्याकडे एकदा ती वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत काढली होती.